वाचनालयाचा जुना शिक्का हाताने ट्रेस करायचाय, नोड (रेघेवरचे बिंदू) कुठे आणि किती द्यायचे?

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो. आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय यंदा शंभर वर्षांचं होतंय (स्थापना शके १८४८, म्हणजे १९२६) आणि कमिटीत ठरलंय की नवीन लोगो वगैरे काही नको, जुन्या शिक्क्यावरचं चिन्हच सगळीकडे वापरायचं. दारावरच्या काचेवर विनाइल (कापून चिकटवायचं प्लास्टिक), स्वयंसेवकांच्या टी-शर्टवर आणि एक पितळी पाटी. अडचण अशी की मूळ शिक्का कुणाकडेच नाहीये, आहेत ते फक्त पुस्तकांवर उमटलेले ठसे. साधारण ४ सेंमीचं गोल, मधे समई, तिच्याखाली उघडं पुस्तक, भोवती दोन रिंगा आणि रिंगांच्या मधे वरच्या बाजूला "सार्वजनिक वाचनालय" आणि खाली "शके १८४८".
मी इंकस्केप (रेघांनी चित्र काढायचं सॉफ्टवेअर) वापरतो, शिकतोय अजून. ६०० डीपीआयला स्कॅन करून ट्रेस बिटमॅप (स्कॅनच्या आपोआप रेघा करून देणारं) मारलं, लांबून छान दिसलं पण झूम केल्यावर समईचा दांडा दोन्ही बाजूंनी खडबडीत, "व"ची पोटं (आतली मोकळी जागा) अर्धी भरलेली आणि नोड टूलने क्लिक केलं की सगळीकडे नोडच नोड. सिंप्लिफाय करून नोड कमी केले तर खडबडीतपणा जातो पण कोपरेही वितळतात. विनाइलवाल्यांनीही फाईल परत केली, म्हणाले क्लीन करून आणा.
तर हाताने काढायची तयारी आहे, वेळ गेला तरी चालेल. फक्त हे सांगा की नोड नक्की कुठे द्यायचे, शाई पसरलेली कड जशी आहे तशी घ्यायची की नाही, आणि अक्षरं सरळ एखाद्या फॉन्टने टाकली तर चालेल का?

शाईदौत:
दादा आधी एक काम करा, एका ठशावर विसंबू नका. तुमच्याकडे अख्खं वाचनालय आहे! आपल्याकडे शिक्का पहिल्या पानावर मारतात आणि आत एका ठरलेल्या पानावर पण मारतात, म्हणजे शेकडो ठसे तुमच्या कपाटात पडलेत. जुन्यात जुनी पुस्तकं काढा, शिक्का नवा असतानाचे ठसे सगळ्यात धारदार असणार, नंतर रबर झिजतं. त्यातले चार-पाच चांगले निवडा, कुठे डावी बाजू नीट उमटली असेल, कुठे खालचा आकडा. सगळे ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा, ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये नको, त्यात कडेची माहिती उडते. ६०० ला ४ सेंमीचा ठसा जेमतेम ९४५ पिक्सेल येतो, स्कॅनर खरोखर १२०० देत असेल तर तेवढ्याला करा.
मग सगळे एकमेकांवर ठेवून रिंगेला रिंग जुळवा आणि वरच्यांची ओपॅसिटी कमी करा. जे सगळ्या ठशांत दिसतं ते शिक्क्यातलं, जे एकाच ठशात दिसतं ते शाईचं किंवा कागदाचं.
शाई पसरलेली कड घ्यायची नाही. ठसा दाबला की शाई बाहेर ढकलली जाते, भिंग घेऊन बघा, अक्षराच्या कडेला गडद किनार आणि आत जरा फिकं असं दिसेल. खरी कड त्या गडद किनारीच्या आतल्या अंगाला असते, तिथून रेघ न्या. कोपरे ठशात गोल झालेले दिसले तरी कापणाऱ्याने ते टोकदारच कापलेले असणार, ते टोकदार करा. आणि भरलेली पोटं मोकळी करा.
मी कोरलड्रॉ सॉफ्टवेअरवाला आहे, पत्रिका, बिलबुकं, शिक्के हेच रोज करतो, त्यामुळे बटणं इंकस्केपवाले सांगतील. पण कोरलचं पॉवरट्रेस असो की तुमचं ट्रेस बिटमॅप, गिऱ्हाईक शिक्का घेऊन आलं की मी त्याच्या वाटेला जात नाही. मशीनला डाग आणि अक्षर यातला फरक कळत नाही, ते दोन्ही तितक्याच मनापासून ट्रेस करतं.

कटरवाली:
विनाइल कटिंगच्या बाजूने सांगते, फाईल परत का आली ते. कटरचं पातं प्रत्येक नोडवरून जातं आणि जिथे दिशा बदलते तिथे वळतं, ऑटो ट्रेसच्या फाईलमध्ये मिलीमीटरभर रेघेत पातं सारखं वळवळत राहतं, विनाइल फाटतं, बारीक टोकं उचलली जातात, आणि मग नको असलेला भाग सोलून काढताना हवा असलेलाही बरोबर येतो. म्हणून नोड कमी पाहिजेत.
नोड कुठे द्यायचे याचं उत्तर: आकार जिथे सगळ्यात वर, सगळ्यात खाली, सगळ्यात डावीकडे आणि सगळ्यात उजवीकडे पोचतो तिथे, आणि प्रत्येक खऱ्या कोपऱ्यावर. बाकी कुठेही नाही, अगदीच गरज पडली तर वळण उलटं फिरतं तिथे एखादा. आणि त्या वरच्या-खालच्या नोडचे हँडल (नोडला जोडलेल्या, वळणाची दिशा ठरवणाऱ्या काड्या) अगदी आडवे, डाव्या-उजव्या नोडचे अगदी उभे. इंकस्केपमध्ये हँडल ओढताना कंट्रोल धरलं की ते १५ अंशांच्या टप्प्यांनी फिरतं, म्हणजे आडवं-उभं आपोआप मिळतं. एवढं पाळलं तर वळण गुळगुळीत येतंच, कारण दोन नोडच्या मधली बेझिए रेघ मुळातच गुळगुळीत असते. हे गणित रेनॉमध्ये पिएर बेझिए यांनी गाड्यांच्या पत्र्याची वळणं काढायला वापरलं ते उगाच नाही. चार नोडमध्ये अख्खं वर्तुळ बसतं आणि ते खऱ्या वर्तुळापासून ०.०३ टक्क्याहूनही कमी हटतं, तुमच्या ऑटो ट्रेसने रिंगेला किती नोड दिलेत ते एकदा बघा.
करायची पद्धत: स्कॅनचा लेयर ५०% ओपॅसिटीला नेऊन लॉक करा. वर नवीन लेयर, फिल (आतला रंग) काढून टाका, स्ट्रोक (कडेची रेघ) लाल आणि बारीक, कारण काळ्यावर काळं दिसत नाही. बी दाबून पेन घ्या आणि पहिल्यांदा नुसत्या सरळ क्लिक करत आकाराभोवती फिरून या, वळणाच्या नादाला लागू नका. आकार बंद झाला की एन दाबून नोड टूल, सगळे नोड निवडून शिफ्ट+यू म्हणजे रेघा वळवता येतील अशा होतात, मग गोलाईच्या नोडना शिफ्ट+एस, कोपऱ्यांना शिफ्ट+सी, आणि मग एकेक हँडल बसवा. नवशिक्याला पेनने थेट वळणं ओढण्यापेक्षा हे सोपं जातं.
रिंगा मात्र पेनने काढू नका, इलिप्स टूल घ्या आणि कंट्रोल धरून ओढा. ठशात रिंग जराशी अंडाकृती दिसेल, हात तिरका पडलेला असतो, ती गोलच काढायची.

पाटीपेन्सिल:
ठसे शोधायला कपाट उघडलं तर एका जुन्या रजिस्टरच्या पहिल्याच पानावर इतका स्वच्छ ठसा मिळाला की पुस्तकाच्या पानांच्या रेघाही मोजता येतात. खूप आभार शाईदौत. समई करायला घेतलीय. अर्धी काढून मिरर करू की पूर्ण काढू?

शाईदौत:
दांडा, बैठक, तेलाची वाटी अर्धी काढून मिरर करा. वाती आणि ज्योती पूर्ण काढा, त्या हाताने कापलेल्या असतात, एकेक ज्योत वेगळी झुकते, त्या मिरर केल्या की समई मेल्यासारखी दिसते. फक्त मिरर करताना मधल्या उभ्या रेषेवर जे नोड येतात त्यांचे हँडल आडवे हवेत, नाहीतर जोडावर बारीक शिंग येतं आणि ते पितळेवर खोदल्यावर लगेच दिसतं.

बोरू:
अक्षरांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कृपया फॉन्ट टाकू नका! तुमच्या शिक्क्याचा जीव त्या अक्षरांत आहे, समया तर कितीतरी संस्थांच्या चिन्हांत असतात.
एक म्हणजे "वाचनालय" मधला ल आणि "शके" मधला श. त्या काळच्या मराठी वळणात ल ला दोन पाकळ्या खाली गोल येतात आणि श चं डोकं वेगळं असतं. बऱ्याच युनिकोड फॉन्टांत आधी हिंदी वळणाचे ल आणि श येतात, भाषा मराठी लावल्यावरच मराठी रूपं मिळतात, काहींत ती नसतातच. शंभर वर्षांच्या मराठी संस्थेच्या चिन्हावर हिंदी ल बसला तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना लगेच खटकेल. १, ४, ८ चंही तसंच, जुनं वळण आजच्या फॉन्टात मिळेलच असं नाही, ठशात आहे तेच काढा.
दुसरं म्हणजे जाड-बारीक. देवनागरीच्या बोरूचा काप रोमन निबेच्या उलट्या बाजूला असतो, त्यामुळे रेघ कुठे भरते आणि कुठे निमुळती होते याचं गणितही उलटं. शिक्का कापणारा बोरू वापरत नव्हता पण त्याच्या हातात तेच वळण होतं. ट्रेस करण्याआधी ते अक्षर कागदावर दोन-चारदा मोठं गिरवा. "व"चा गोल कुठे सुरू होतो, कुठे जाड होतो, दांड्याला कुठे टेकतो हे हाताला कळलं की नोड कुठे द्यायचा हे विचारावं लागत नाही. आणि गोलाची बाहेरची रेघ आणि आतल्या पोटाची रेघ या दोन वेगळ्या रेघा आहेत हे लक्षात ठेवा, आतली बाहेरच्याची लहान कॉपी नसते, म्हणून इनसेट मारून पोट काढू नका, जाडी सगळीकडे सारखी होऊन अक्षर पाइपाचं केल्यासारखं दिसतं. दोन्ही वेगळ्या काढा, मग दोन्ही निवडून पाथमधलं डिफरन्स, म्हणजे बाहेरच्यातून आतला वजा.

शाईदौत:
बोरू यांचं सगळं पटलं, फक्त एक भर. "सार्वजनिक वाचनालय" मध्ये व आणि न दोनदा येतात. एकदा व नीट काढला की दुसरा व कॉपी करून फिरवा, तेवढं काम वाचतं.

बोरू:
इथे मात्र मी असहमत आहे. "सार्वजनिक"मधल्या व वर रफार आहे, "वाचनालय"मधला व मोकळा आहे, कापणाऱ्याने पहिल्याला जागा करायला नक्की काहीतरी केलेलं असतं, गोल थोडा चपटा किंवा अख्खं अक्षर जरा खाली. न पण दोन ठिकाणी आहे आणि एकाला वेलांटी चिकटलीय. कॉपी करा, पण कॉपी ठशावर ठेवून बघा आणि जिथे सरकतंय तिथे नोड हलवा. तयार खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवून केलेला शिक्का असेल तर दोन्ही व हुबेहूब सारखे दिसतील आणि मग शाईदौत म्हणतात तसं करा.

पाटीपेन्सिल:
बघितलं, सारखे नाहीत. रफाराचा व खरंच बुटका आहे. आणि आता एक अडलंय, शिरोरेघ. एकेक अक्षर शिरोरेघेसकट काढून गोलाकार बसवलं तर दोन अक्षरांच्या मधे वर फट आणि खाली एकावर एक चढलेलं असं होतंय.

बोरू:
अक्षरासकट शिरोरेघ काढू नका. ठशात नीट बघा, शिरोरेघ सरळ तुकड्यांची आहे की रिंगेबरोबर वळलेली? तुकड्यांची असेल तर खिळे जुळवलेले, पण तुम्ही म्हणता व वेगवेगळे आहेत, म्हणजे हाताने कापलाय आणि शिरोरेघ रिंगेला समांतर सलग गेलेली असणार. मग ती एकच कमान आहे. इलिप्स टूलने रिंगांच्याच केंद्रावर वर्तुळ काढा, वरच्या पट्टीत आर्कचं बटण आहे ते दाबून हवा तेवढा तुकडा ठेवा, स्ट्रोक शिरोरेघेच्या जाडीचा द्या. "सार्वजनिक" आणि "वाचनालय" साठी दोन वेगळ्या कमानी, शब्दांमधे मोकळी जागा. अक्षरं शिरोरेघेशिवाय काढून त्या कमानीला खालून लटकवा, वरचं टोक कमानीत थोडं घुसू द्या. मग कमानीचं स्ट्रोक टू पाथ (रेघेचा भरीव आकार होतो), आणि सगळं मिळून युनियन. एक शब्द एक आकार. फक्त युनियन करण्याआधी सगळ्याची एक कॉपी लपवलेल्या लेयरवर ठेवा, नंतर एखादं अक्षर सरकवायचं म्हटलं तर युनियन झालेल्यातून ते सुटत नाही.

कटरवाली:
युनियन विसरू नकाच, नाहीतर कटर प्रत्येक अक्षर वेगळं कापतो आणि शिरोरेघेच्या आतूनही पातं फिरवतो, काचेवर लावल्यावर जोड दिसतात.
पाठवण्याआधी व्ह्यूमधून आउटलाइन डिस्प्ले लावून बघा. एकावर एक रेघा, उघडे राहिलेले पाथ, स्कॅनच्या लेयरखाली विसरलेला एखादा तुकडा, सगळं तिथे दिसतं. मग काळं फिल देऊन ४ सेंमीला साध्या प्रिंटरवर प्रिंट काढा आणि रजिस्टरमधल्या ठशाशेजारी ठेवा, स्क्रीनवर ८००% ला बघून काही कळत नाही. पुस्तकाच्या त्या बारीक रेघा ४० सेंमीच्या काचेवर चालतील पण टी-शर्टच्या खिशावर ७-८ सेंमीला भरून जातील, त्यासाठी रेघा कमी केलेली वेगळी फाईल करा. पितळी पाटीवाल्यांना आधीच विचारा की त्यांना भरीव आकार हवेत की नुसत्या रेघा, प्रत्येक मशीनचं वेगळं असतं.
आणि ते सीडीआर (कोरलची फाईल) मागतील. इंकस्केप सीडीआर उघडतं पण सेव्ह करत नाही, तुम्ही पीडीएफ द्या, कोरलमध्ये व्यवस्थित इंपोर्ट होते. एसव्हीजी दिली तर कधी कधी माप बदलून उघडते, म्हणून पीडीएफच, आणि सोबत मेसेजमध्ये बाहेरच्या रिंगेचा व्यास सेंमीमध्ये लिहून टाका, म्हणजे कापायच्या आधी ते मोजून बघतील.

पाटीपेन्सिल:
शिरोरेघ वळलेलीच आहे, बरोबर ओळखलंत. "सार्वजनिक"ची कमान बसली, आज रात्री "वाचनालय" घेतो. पूर्ण झाल्यावर आउटलाइनचा स्क्रीनशॉट इथे टाकतो, बोरू यांनी तेवढा ल बघून द्यावा.