नवेगाव खैरीच्या काठचं वावर घ्यावं का? पाणी उतरल्यावर उघडी पडते ती जमीन कोणाची?

मानेवाडावाला:
नमस्कार मंडळी. पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरी धरणाच्या बॅकवॉटरला लागून एक वावर पाहून आलो, एजंट म्हणते सातबारावर आहे तेवढं तर तुमचंच, पण उन्हाळ्यात पाणी मागं गेलं की खालची जमीनही तुम्हीच वापरा, तार मारून घ्या, कोणी विचारत नाही. माझा विचार थोडी फळझाडं आणि बाबांसाठी एक खोली असा आहे. पण ती खालची जमीन खरंच वापरता येते का? आणि पाणी कुठवर चढते हे कसं समजायचं? कोणाला माहिती असन तर प्लीज सांगा.

धुरा_बांध:
भाऊ, तार मारायचं डोक्यातून काढून टाका. धरण पूर्ण भरलं की पाणी जिथवर येते तिथवरची जमीन भूसंपादनात सरकारकडं गेलेली असते, ती पाटबंधारे खात्याची, मग ती आठ महिने कोरडी राहिली तरी. सातबारा पाहाच, पण त्यावर थांबू नका, जुने फेरफार काढा, भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि पेंच पाटबंधारेच्या ऑफिसात जाऊन संपादनाची हद्द नकाशावर दाखवा म्हणा. खोली बांधायची तर एनए (बिगरशेती) आणि बाकी परवानग्याचं आधीच विचारून घ्या, वाघ प्रकल्प जवळ आहे तिथं.
पाण्याचं असं आहे, की ते फक्त पावसावर चढत-उतरत नाही. वर ह्याच पेंच नदीवर तोतलाडोह धरण आहे, त्याला 160 मेगावॅटचं वीजघर आहे, तिथं वीज काढून सोडलेलं पाणी खाली खैरीत येऊन थांबते, तिथून कालव्यांना आणि आपल्या नागपूरच्या नळाला जाते. तोतलाडोहचा उपयुक्त साठा 1017 दलघमीच्या (दशलक्ष घनमीटर) आसपास आणि खैरीचा जेमतेम 142, म्हणजे वरून सोडलं की खैरीचा काठ लवकर हलते. आज कोरडं दिसते तिथं उद्या पाणी, पाऊस नसतानाही.

गाळपेरवाली:
मी प्रकल्पग्रस्त घरातली आहे म्हणून लिहून राहिली. ती उघडी पडणारी जमीन म्हणजे गाळपेर. खातं ती हंगामापुरती भाडेपट्ट्यानं देते, आणि आधी हक्क ज्यांची जमीन त्याच धरणात गेली त्यांचा, मग बाकीच्यांचा. आमच्याकडं लोक त्यात हरभरा, गहू लावतात, कुठं काकडी अन टरबूज. पाणी वाढलं तर पीक गेलं, भरपाई मागता येत नाही, हे माहीत असूनही पेरतात कारण दुसरी जमीन नाही त्यांच्याकडं. आता शहरातून कोणी येऊन त्याच पट्ट्यावर तार मारली तर गुरं पाण्यावर जाणार कुठून, जाळं टाकणारे उतरणार कुठून? एजंट म्हणते कोणी विचारत नाही. विचारत नाही कारण ज्याची जमीन गेली तो भांडायला ऑफिसात किती चकरा मारणार? मला ह्याचं खूप वाईट वाटते.

रामटेक_रहिवासी:
ताईंचं अगदी बरोबर. अजून एक, काठावर फळबाग लावायची तर फवारणी आणि खताचा विचार करा, ते धुऊन सरळ प्यायच्या पाण्यात जाते. 2019 च्या जुलैत पेंच आटलं होतं तेव्हा नागपुरात दिवसाआड पाणी बंद ठेवावं लागलं होतं, आठवत असन. पाणी आधीच कमी, त्यात संडासचा खड्डा काठाजवळ खोदला तर काय होईल? खोली शक्य तेवढी वर, उताराकडं गवत अन जुनी झाडं तशीच राहू द्या, माती पाण्यात जात नाही त्यानं. तोतलाडोहला तर पाणी उतरलं की काठावर गवत येते अन चितळं, गवे तिथं चरायला उतरतात, तिथं शेती नाहीच.

मानेवाडावाला:
मोजणी झाल्याशिवाय इसार देणार नाही, आणि खालच्या जमिनीचा विषय मी सोडला. ताई, गावातले लोक ज्या वाटेनं गुरं नेतात ती वाट ह्या वावरातून जाते का ते रविवारी जाऊन विचारतो, जात असन तर ती उघडीच ठेवीन.

गाळपेरवाली:
विचारा नक्की, सरपंचापेक्षा गुराख्याला विचारा.