अवक्षेपण, निक्षेपण की ‘गाळ’?

प्रश्न (मडगाव): कच्च्या तेलाच्या तपासणीची कार्यपद्धती मराठीत करते आहे. नमुन्यातून अ‍ॅस्फाल्टीन (तेलातला जड, काळपट भाग) बाहेर पडतं त्याला, म्हणजे इंग्रजी ‘precipitation’ला, काय म्हणावं? हातात आलेल्या मसुद्यात कुठे ‘गाळ’ आहे, कुठे ‘थिजणे’, आणि एका ठिकाणी तर ‘पर्जन्य’. ‘अवक्षेपण’ लिहिलं तर प्रयोगशाळेतल्या मदतनिसांना जड जाईल का?

– ताई, ‘पर्जन्य’ लगेच खोडा, तो हवामानाचा शब्द. ‘गाळ’ही नको. टाकीच्या तळाशी रेती, पाणी, गंज, मेण असं जे काही बसतं ते सगळंच गाळ. ‘अवक्षेप’ शाळेच्या रसायनशास्त्रात येऊन गेलेला असतो, कोणी अडणार नाही.

– वास्कोहून लिहितो, तेल तपासणीतच नोकरी झाली. माझा खरा आक्षेप ‘थिजणे’ला आहे. थिजतं ते मेण. डिसेंबरातल्या खोबरेलासारखं, ऊब लागली की पुन्हा पातळ. अ‍ॅस्फाल्टीन असं वितळत नाही, फार तापवलं तर जळून कोळसा होतो. ‘थिजलं’ असं वाचणारा माणूस नळी गरम करायला धावेल, आणि तिथे हवं असतं टोल्युइनसारखं द्रावक.

दुसरं, अ‍ॅस्फाल्टीन हे एका पदार्थाचं नाव नव्हे. हेप्टेन या हलक्या द्रावकात विरघळत नाही पण टोल्युइनमध्ये विरघळतो, तेलाचा तेवढा भाग. हेप्टेनऐवजी पेंटेन हे आणखी हलकं द्रावक घेतलंत तर त्याच तेलातून जास्त अवक्षेप मिळतो. म्हणून नुसतं ‘अवक्षेप, टक्के’ लिहू नका, ‘हेप्टेन-अविद्राव्य’ असं लिहा. नेहमीच्या पद्धतीत दर ग्रॅम तेलाला ३० मिली हेप्टेन घालून उकळवतात, अंधारात निवू देतात, मग गाळतात. फिल्टर पेपरवर काळपट तपकिरी चुरा उरतो. त्यात मेणही अडकलेलं असतं. ते गरम हेप्टेनने धुऊन काढायचं. उरलेला चुरा गरम टोल्युइनमध्ये उतरवायचा, टोल्युइन उडवायचं आणि वजन करायचं. धुणं अर्धवट राहिलं तर मेणाचं वजन अ‍ॅस्फाल्टीनच्या नावावर चढतं.

– मग ‘निक्षेपण’ कुठे वापरायचं?

– नळीच्या भिंतीवर थर बसतो तेव्हा. द्रावणातून कण सुटले की अवक्षेपण, ते एकमेकांना चिकटून गोळे झाले की साकळणे, थर धरला की निक्षेपण. अवक्षेपण झालं म्हणजे थर बसलाच असं नाही, कण प्रवाहाबरोबर वाहूनही जातात. हेप्टेन थोडं थोडं घालत सूक्ष्मदर्शकाखाली पहिले कण कधी दिसतात ते बघतात, त्याला ‘अवक्षेपणाचा आरंभ’ म्हणा.

– पावसाळ्याच्या तोंडाला आपल्या किनाऱ्यांवर डांबरगोळे येतात, तेही अवक्षेपणच का?

– नाही. समुद्रात सांडलेल्या तेलातला हलका भाग उडून जातो आणि जड भाग उरतो. त्यात अ‍ॅस्फाल्टीन असतं, पण ती झीज हवेपाण्याची.

– आभारी आहे. तक्त्याचा मथळा ‘हेप्टेन-अविद्राव्य अ‍ॅस्फाल्टीन, वजनी टक्के’ असा करते, आणि ‘थिजणे’ फक्त मेणाच्या प्रकरणात ठेवते.