प्रति: निस्गा लोकांना फुकट जमीन?
वर कोणीतरी लिहिलंय की कॅनडा सरकारने निस्गा लोकांना (तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले आदिवासी) फुकटात जमीन दिली. अहो दिली कुठे, त्यांचीच होती ती! १८८७ मध्ये त्यांचे प्रमुख जमिनीचा हक्क मागायला प्रांताच्या राजधानीत, व्हिक्टोरियाला गेले तर दारातूनच परत पाठवलं, आणि पुढे १९२७ ते १९५१ जमिनीच्या दाव्यासाठी पैसे गोळा करणं हाच गुन्हा, म्हणजे वकील करायचा तरी कसा? १९७३ची काल्डर केस, म्हणजे निस्गांनीच जमिनीच्या हक्कासाठी लढलेला खटला, तांत्रिक मुद्द्यावर हरले तरी मूळ रहिवाशांचा जमिनीवर हक्क असतो हे सुप्रीम कोर्टाने मानलं म्हणून सरकार बोलणीला बसलं, आणि सरकार-निस्गा जमीन करार लागू व्हायला २००० साल उजाडलं. हातात आली साधारण २००० चौरस किमी, मूळ प्रदेशाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, वर आदिवासी म्हणून मिळणारी टॅक्सची सवलतही सोडावी लागली. याला फुकट म्हणवत नाही मला.