प्रोनसाठी स्लिंग कोणती घ्यावी? चामडं की सिंथेटिक?

तिरपी_रिंग
नमस्कार मंडळी. ५० मीटर प्रोनसाठी (पोटावर आडवं होऊन नेमबाजी) स्लिंग, म्हणजे दंड आणि रायफल जोडणारा पट्टा, घ्यायची आहे. सध्या क्लबची जुनी चामड्याची वापरते. रायफल .२२, खाली रेल, त्यावर हँडस्टॉप (पुढचा हात टेकवायचा सरकता अडसर). उजव्या खांद्यावरून नेम धरते. तक्रारी तीन: वीसेक शॉट झाले की ग्रुप (शॉटांचा पुंजका) सहाच्या काट्याकडे, म्हणजे खाली, घसरायला लागतो, पुढच्या साइटच्या रिंगमध्ये नाडीचा ठोका दिसतो, आणि अर्ध्या तासात करंगळीला मुंग्या येतात. पुढेमागे नीलिंगही (गुडघ्यावर बसून) करायचं आहे.
बजेट: मॅच काडतुसांची दहा खोकी (पन्नासवाली) येतील तेवढं. अकरावं खोकं नाही, नाहीतर नवीन स्लिंग लावून मारायला काही उरायचं नाही.

दहा_दशांश_नऊ
सिंथेटिक घ्या, विषय संपला. ४० मिमी रुंद, आतून रबर, बक्कलच्या जागी खटक्याची पट्टी, म्हणजे एकेक दात पुढेमागे करता येते. प्रोनला सातवा दात, नीलिंगला चौथा, कायमचं ठरलेलं. दहा खोक्यांत बसणार नाही, पण स्लिंग एकदाच घेतली जाते. माझी अजून नव्यासारखी आहे.

कातडीबहाद्दर
"विषय संपला" म्हणणाऱ्यांनी चांगलं चामडं पाहिलेलंच नसतं. साडेतीन-चार मिमी जाडीचा, ताठ, एकाच कातड्यातून कापलेला पट्टा ताणतो तो सुरुवातीचे काही दिवस, नंतर जागेवर बसतो. घाई असेल तर आठ-दहा किलो वजन लावून रात्रभर टांगून ठेवा आणि मग भोकं मोजा.
दोन गोष्टी करू नका. तेल पाजू नका, चामडं मऊ होतं आणि पुन्हा ताणायला लागतं. आणि भोकं चाकूने पाडू नका. गोल पंच वापरा, ४ मिमीचा. चाकूची चीर टोकाकडून फाटत जाते. क्लबच्या स्लिंगची भोकं लांबट झाली असतील तर ग्रुप का घसरतो ते वेगळं सांगायला नको.

प्रोन_पडीक
+१ सिंथेटिक. घामाने चामडं सैल पडतं.

रानवाट
मी दोन टोकांची, खांद्यावर पॅड असलेली, बटण दाबून सुटणाऱ्या स्विव्हलची (फिरत्या कडीची) सुचवेन. दिवसभर खांद्यावर वागवली तरी रुतत नाही. नेम धरताना हात पट्ट्यात घालून, दंडामागून वळसा देऊन ताणायची. वेगळा खर्च कशाला?

दहा_दशांश_नऊ
@रानवाट, ही रायफल वागवायची स्लिंग नाही हो, टेकवायची आहे. धागा तरी वाचा.

जुना_रेंज_ऑफिसर
तो वळसा उभ्या-उभ्या घाईत धरायला ठीक. आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) प्रोनमध्ये चालणार नाही. स्लिंग फोरएंडला (स्टॉकच्या, म्हणजे रायफलच्या धडाच्या, पुढच्या भागाला) एकाच जागी जोडलेली हवी, दंडाच्या वरच्या भागावर हवी, मनगटाच्या किंवा हाताच्या एकाच बाजूने जायला हवी. रुंदी जास्तीत जास्त ४० मिमी. स्विव्हल आणि हँडस्टॉप सोडून रायफलचा कुठलाही भाग स्लिंगला लागता कामा नये. हे शेवटचं लोक विसरतात: लोंबणारं शेपूट स्टॉकला घासत असतं, ते कीपरमध्ये (पट्ट्यावरच्या सरकत्या कडीत) खोचा. स्टँडिंगला (उभ्याने मारताना) स्लिंग नाहीच.
एक आणखी. जॅकेटच्या बाहीवर स्लिंग घसरू नये म्हणून बाहेरच्या बाजूला एक हुक, लूप किंवा बटण चालतं. एकच.

डावखुरा_नेम
नियमात "डावा हात" लिहिलंय ते उजव्यांना धरून. आम्ही सगळं आरशात वाचतो. बाकी +१.

शून्यावर_शून्य
स्लिंग घेण्याआधी घसरतंय काय ते तरी बघा. सहाच्या काट्याकडे जाणारा ग्रुप चार कारणांनी येतो. (१) कफ, म्हणजे दंडावरचा वेढा, खाली सरकतो. (२) पट्टा किंवा भोक ताणतं. (३) हँडस्टॉप रेलवर पुढे सरकतो. (४) कफ बाहीवर घट्ट आहे, पण बाहीच आतल्या कपड्यावरून खाली येते. चारही वेळा होतं एकच: पुढचा हात लांब जातो, कोपराचा कोन उघडतो, नळी खाली येते. तुम्ही खांद्याने ती वर धरून ठेवता, थकता, आणि शॉट बुडतात.
खडूने बाहीवर कफच्या वरच्या कडेला रेघ मारा. पट्ट्यावर बक्कलच्या कडेला पेनाने एक. रेलवर हँडस्टॉपच्या पुढच्या कडेला एक. बाही मनगटापाशी जिथे संपते तिथे ग्लोव्हवर एक. मग न थांबता तीस शॉट मारा, उठायचं नाही. जी रेघ सुटली ती तुमची चोर. सिंथेटिक स्लिंगने फक्त दुसऱ्या नंबरचं कारण जातं. बाकी तिन्हींना ती काही करत नाही.

प्रोन_पडीक
आतून रबर असलं की कफ सरकत नाही, म्हणजे पहिलंही जातं.

शून्यावर_शून्य
बाही गुळगुळीत कॅनव्हासची आणि घामट असेल तर रबरही सरकतं. शिवाय रबर बाहीला धरून ठेवतं आणि अख्खी बाही घेऊन खाली येतं. मग कारण चौथं. आत जाड सैल स्वेटर घालू नका, अंगाबरोबर बसणारा घाला.

पितळी_आकडा
सगळे विसरलात. १९०७ ची स्लिंग. सव्वा इंची, म्हणजे साधारण ३२ मिमी, दोन तुकडे, भोकांच्या जोड्या, पितळी आकडे (हुक). स्प्रिंगफिल्डवर होती, गॅरँडवर होती (जुन्या अमेरिकी लष्करी रायफली), आणि अजून त्याच्या पुढचं कोणी काही काढलेलं नाही. लूप सोडवायचा, अर्धा पीळ द्यायचा म्हणजे पट्टा मनगटावर चपटा बसतो, कड रुतत नाही. हात घालायचा आणि कीपर दंडापर्यंत ओढून आवळायचा. किती नंबरच्या जोडीत आकडा आहे ते लक्षात ठेवलं की दरवेळी तीच लांबी.

कातडीबहाद्दर
ती स्लिंग मलाही आवडते, पण ती वागवायची आणि टेकवायची दोन्ही कामं करायला बनली आहे. रेलवर सरकणारा हँडस्टॉप असताना तो पसारा कशाला? आणि आकड्यांची टोकं लाकडाकडे ठेवली तर स्टॉकवर ओरखडे.

पितळी_आकडा
टोकं बाहेरच असतात. उलटी घालणाऱ्यांचे स्टॉक खराब होतात.

रानवाट
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

दहा_दशांश_नऊ
त्या जुन्या रायफलींत स्लिंग ओढली की ताण पुढच्या बँडवरून नळीपर्यंत जातो आणि फटका (गोळी लागते ती जागा) ओढीच्या दिशेला सरकतो. तरंगती (स्टॉकला न टेकणारी) नळी असलेल्या टार्गेट रायफलला तो त्रास नाही. त्यामुळे जुन्या रायफलीचे धडे इथे जसेच्या तसे लावू नका.

पितळी_आकडा
ताण दरवेळी सारखा ठेवला तर फटकाही दरवेळी तिथेच पडतो. साइट फिरवा.

नाडी_मोजणारी
ठोक्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. दंडाच्या आतल्या बाजूने धमनी जाते. कफ मधोमध, दंडाच्या फुगवट्यावर, आवळून बसवला आणि पट्टा आतून निघाला की धमनी दाबली जाते आणि प्रत्येक ठोका पट्ट्यातून रायफलमध्ये उतरतो. दोन बदल करा. कफ वर न्या, काखेच्या जवळ, खांद्याचा स्नायू संपतो तिथे. आणि कफ फिरवा, पट्टा दंडाच्या बाहेरून-मागून निघायला हवा. एकदम नको, बोटभर फिरवा, काडतुसाविना दहा कोरे ट्रिगर मारा, रिंगकडे बघा, मग आणखी बोटभर. ठोका पूर्ण जात नाही, पण रिंग थरथरायची ती नुसती श्वास घेतल्यासारखी हलते.
मुंग्या कुठे येतात तेही महत्त्वाचं. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर बहुतेक कोपर: हाडाच्या आतल्या खाचेवर टेकताय, तिथून मज्जातंतू जातो. कोपर किंचित फिरवून टेकवा. अंगठ्याच्या पाठीकडे मुंग्या असतील तर मनगटावर पट्टा किंवा ग्लोव्हचा बंद घट्ट आहे. पूर्ण पंजा थंड पडत असेल तर कफ. तुम्ही करंगळी लिहिलंय, म्हणजे नवी स्लिंग घेऊनही ते जाणार नाही.

तिरपी_रिंग
करंगळी आणि शेजारचं बोट. अंगठा ठीक असतो. रेघा मारून बघते. लांबी कशी ठरवायची तेही कोणी सांगेल का? मी आतापर्यंत "घट्ट वाटेपर्यंत" ओढत होते.

शून्यावर_शून्य
घट्ट वाटेपर्यंत नाही. आधी स्लिंग न लावता, रिकाम्या रायफलने, बोल्ट उघडा ठेवून आणि सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) घालून आडव्या व्हा. डोकं आरामात गालपट्टीवर, डोळा साइटमागे. हात जिथे आपोआप येतो तिथे हँडस्टॉप आणा, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात टेकेल असा. मग स्लिंग सैल जोडा आणि एकेक भोक आवळत जा. डाव्या हाताची बोटं पूर्ण सोडली तरी रायफल खाली येत नाही, तिथे थांबा.
आता बट (रायफलचं मागचं टोक) खांद्यातून काढा आणि उजव्या हाताने परत बसवा. थोडा दाब द्यावा लागला तर बरोबर. आपसूक आत गेली तर सैल. खांदा पुढे ढकलावा लागला तर फार घट्ट.
शेवटी डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अर्धा सोडून थांबा, डोळे उघडा. रिंग टार्गेटच्या खाली असेल तर हँडस्टॉप मागे, वर असेल तर पुढे. दोन-तीन मिमीच. आडवी चुकत असेल तर स्लिंगला हात लावू नका, डाव्या कोपराभोवती पूर्ण शरीर फिरवा. स्लिंगने आडवं दुरुस्त करायला गेलात की दंड पिळला जातो आणि मग दहाव्या शॉटपासून ग्रुप तिरका पसरतो.

जुना_रेंज_ऑफिसर
हँडस्टॉप मागे घेत राहिलात तर हात उंच होत जातो, ठीक. पण पुढे नेताना कोनाकडे लक्ष ठेवा. प्रोनमध्ये पुढच्या हाताचा कोन जमिनीच्या पातळीपासून ३० अंशांपेक्षा कमी चालत नाही.
आणि तपासणी अर्ध्या तासावर थांबवू नका. प्रोनच्या साठ शॉटांना १५ मिनिटं तयारी-सायटर (न मोजले जाणारे सरावाचे शॉट) आणि पुढे ५० मिनिटं, म्हणजे स्लिंग तासाच्या वर अंगावर राहते.

डावखुरा_नेम
हँडस्टॉपचा स्क्रू अ‍ॅलन कीने आवळल्यावर स्विव्हल बोटाने फिरवून बघा. अडकलेलं स्विव्हल पट्ट्याला पीळ देतं आणि हँडस्टॉप तिरका खेचतं. तेलाचा एक थेंब पुरतो. नीलिंगला हँडस्टॉप मागे येईल, भोकही वेगळं लागेल. दोन्ही आकडे स्टॉकवर चिकटपट्टी लावून लिहा, डोक्यात ठेवू नका.

प्रोन_पडीक
मग घेताय ना सिंथेटिक?

तिरपी_रिंग
रेघा मारून दोनदा तीस-तीस शॉट मारले. बक्कलची रेघ जवळजवळ जागेवर, दोन मिमी. हँडस्टॉप हललेला नाही. ग्लोव्हवरची रेघही बाहीला चिकटून. कफ मात्र दोन्ही वेळा बाहीवरून बोटभर खाली, एकदा मोजला तर १८ मिमी. म्हणजे कारण पहिलं. कफ घट्ट आवळून मी सरकणं थांबवत होते, बहुतेक त्यामुळेच ठोका.
जॅकेट बघितलं तर बाहीवर हुकाची शिवण आहे, हुक गायब. कोणीतरी कधीतरी काढलेला.
तर स्लिंग घेत नाहीये. हुक शिवून घेतला, त्याच शिवणीवर. कफला चामड्याची छोटी कडी जोडली, ती हुकात अडकते. कफ आता दोन भोकं सैल आहे आणि काखेजवळ राहतो. पट्टा बाहेरून निघतोय. करंगळीसाठी कोपर फिरवला, त्याचा निकाल अजून अर्धाच: पस्तीस मिनिटं मुंग्या नाहीत, पुढचं बघायचंय.
दहाच्या दहा खोकी काडतुसं आली.

दहा_दशांश_नऊ
भोकं लांबट झालेला पट्टा तसाच ठेवलाय? दोन मिमी आज आहे, उद्या पाच होईल. चुकीचा निर्णय.

कातडीबहाद्दर
या एका बाबतीत सहमत. निदान जुन्या भोकांच्या मधोमध नवीन पाडा, गोल पंचाने. अर्ध्या भोकाची सोयही होईल.

जुना_रेंज_ऑफिसर
हुक एकच आहे ना? त्याच्या वर किंवा खाली दुसरं बटण राहिलं असेल तर उपकरण तपासणीत अडवतील. आधीच काढा.

तिरपी_रिंग
एकच आहे, मोजलं. पंच मागवते.

रानवाट
@पितळी_आकडा, ती १९०७ वाली लूप सोडून खांद्यावर वागवता येते का? नवीन धागा काढू का?