मदत हवी आहे: नवीन ग्राफिक्स कार्डला जुना व्हीजीए मॉनिटर जोडता येईल का?

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या महाल भागात माझं लग्नाचे अल्बम डिझाइन करायचं दुकान आहे. जुनं ग्राफिक्स कार्ड जळालं म्हणून मागच्या आठवड्यात आरटीएक्स ३०६० बसवलं. कार्ड उत्तम चालतंय, पण मॉनिटरच्या केबली लावायला मागे तीन डिस्प्लेपोर्ट आणि एकच एचडीएमआय. माझे मॉनिटर मात्र तीन पिढ्यांचे आहेत.

नवा २७ इंची, २५६० × १४४०, १४४ हर्ट्झ; त्याला डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय दोन्ही आहेत. दुसरा २४ इंची, १९२० × १२००, फक्त डीव्हीआय. रंग मी यावरच बघते. तिसरा १९ इंची, फक्त व्हीजीए. तो टेबलावर ग्राहकाकडे तोंड करून असतो. नवरी, तिची आई, मावशी समोर बसून पान न् पान बघतात आणि फोटो बदलायला सांगतात. तो बंद पडल्यापासून सगळे माझ्या खुर्चीमागे गर्दी करून उभे राहतात, वयस्कर बायकांना तर काहीच दिसत नाही. म्हणून तो चालू होणं मला सगळ्यात गरजेचं आहे.

बर्डीवरच्या एका दुकानातून केबल आणली, एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्याला डिस्प्लेपोर्ट. कार्डाच्या एचडीएमआयमधून नव्या मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला लावली, तर 'नो सिग्नल'. दुकानदार म्हणतो केबल चांगली आहे.

जुन्या कार्डासोबत डीव्हीआय-व्हीजीएचा एक पांढरा कन्व्हर्टर आला होता, त्यावर छोटा मॉनिटर सात वर्षं चालला. आता एचडीएमआय-डीव्हीआय कन्व्हर्टर घेऊन त्यापुढे तो पांढरा लावायला गेले, पण बसतच नाही. चपट्या पिनेभोवती चार बारीक पिना आहेत, त्यांच्यासाठी समोर भोकंच नाहीत. त्या पिना काढून टाकल्या तर चालेल का? नेमकं काय घेऊ?

प्रतिसाद

ताई, पिना अजिबात तोडू नका. व्हीजीएचे लाल, हिरवा, निळा हे रंग त्यांच्यातूनच जातात. तुमचा पांढरा कन्व्हर्टर सिग्नल बदलत नव्हता. जुन्या कार्डाच्या डीव्हीआयमधूनच ॲनालॉग, म्हणजे व्हीजीएला लागणारा जुन्या पद्धतीचा सिग्नल येत होता, तो फक्त पुढे जायचा. ३०६० मधून ॲनालॉग काहीच निघत नाही, म्हणून मध्ये चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. 'डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए, ॲक्टिव्ह' असा मागा. त्याला लागणारी वीज पोर्टमधूनच मिळते, वेगळा चार्जर नको. तो कार्डाकडे लावा आणि टेबलाखालून गेलेली जुनी व्हीजीए केबल तशीच राहू द्या.

तुमच्या त्या केबलचा दोष नाही, दिशा उलटी आहे. ती डिस्प्लेपोर्टच्या कार्डाकडून एचडीएमआयच्या मॉनिटरकडे जाते, उलट चालत नाही. २७ इंचीला साधी डिस्प्लेपोर्ट-डिस्प्लेपोर्ट केबल घ्या, दोन मीटरच्या आतली, १४४ हर्ट्झ सहज मिळतील. फार स्वस्त घेऊ नका. काही केबलींमध्ये विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते, ती जोडलेली नसावी असा नियम आहे. त्यातून मॉनिटरची वीज उलटी कार्डात येते आणि पीसी सुरू होताना त्रास देतो.

२४ इंचीला एचडीएमआय-डीव्हीआय कन्व्हर्टर पुरे. तिथे सिग्नल डिजिटलच राहतो, रंग बिघडत नाहीत. फक्त कार्डाच्या सेटिंग्जमध्ये, म्हणजे एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये, 'आउटपुट डायनॅमिक रेंज' फुल आहे ना, ते एकदा बघा. लिमिटेड असेल तर काळा रंग राखाडी दिसेल, आणि तुम्ही त्यावरच प्रिंटचे रंग ठरवता.

धागाकर्ती

भाऊ, मनापासून आभार. काल दुकान बंद करून बर्डीवर गेले, डिस्प्लेपोर्ट-व्हीजीए ॲक्टिव्ह कन्व्हर्टर आणि केबल दोन्ही आणलं. छोटा मॉनिटर लावल्याबरोबर १२८० × १०२४ वर सुरू झाला. २४ इंचीची रेंज खरंच लिमिटेड होती. फुल केल्यावर नवरदेवाच्या काळ्या शेरवानीवरची नक्षी परत दिसू लागली. या आठवड्यात रंग बघितलेली दोन अल्बम अजून छपाईला गेलेली नाहीत, ती आज पुन्हा तपासते.