जुनं घर पाडतोय, आईचा संसार दीड वर्ष कुठे आणि कसा ठेवू?

अमळनेरची_लेक
नमस्कार मंडळी. अमळनेरला आमचं जुनं धाब्याचं घर आहे. दिवाळीनंतर ते पाडून नवीन बांधायचं ठरलंय. ठेकेदार १४ महिने म्हणतो, म्हणजे मी दीड वर्ष धरून चालले आहे. तोवर आई माझ्याकडे पुण्याला राहील, पण तिचा संसार माझ्या दोन खोल्यांत मावणार नाही. गोदरेजचं कपाट, शिसवी पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन, शिलाई मशीन, धान्याच्या तीन कोठ्या, तांब्या-पितळेची भांडी, आठ गोधड्या, शालू, फोटोंचे अल्बम, शिवाय आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) खापर, म्हणजे ज्यावर मांडे भाजतात ते मातीचं भांडं.

तीन पर्याय आहेत. मामांच्या शेतातली पत्र्याची खोली (फुकट), गावातल्या एका इमारतीत तळमजल्यावरचा गाळा, नाहीतर पुण्यातलं सेल्फ स्टोरेज. कुठे ठेवू, आणि बांधू कसं? आई म्हणते, बाकी काही झालं तरी चालेल, खापर फुटायला नको.

नाना_चोपडा
ताई, पत्र्याच्या खोलीत कोठ्या आणि शेतीची अवजारं ठेवा, घरसंसार ठेवू नका. लोक पावसाला भितात, पण आपल्याकडे आधी उन्हाचा विचार करायला हवा. मे महिन्यात जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा बंद पत्र्याखाली काय होत असेल ते बघा. मी स्वतः एक उन्हाळा सामान तसं ठेवलं होतं. अल्बममधले फोटो प्लास्टिकच्या कागदाला चिकटले, ते आजवर सुटले नाहीत. खोक्यांची चिकटपट्टी सुटून लोंबत होती, प्लायवूडच्या कपाटाचे थर उकलले. वडिलांचे जुने फोटो त्यातच गेले, म्हणून एवढं कळकळीनं लिहितो.

गाळा घ्या. वर निदान एक मजला असेल असाच घ्या, थेट स्लॅबखालची खोलीही तापते. एक पावसाळा होऊन गेलेल्या भिंती बघा, खालून पोपडे आलेत का, ओल चढलीये का. करारनामा ११ महिन्यांचा करतात, तुम्हाला जास्त लागणार आहे, तेव्हा मुदत वाढवायचं आधीच बोलून घ्या.

भुसावळकर
नानांशी सहमत. रेल्वेतल्या बदल्यांमुळे आमचं बिऱ्हाड सहा वेळा हललं, त्यातलं थोडं सांगतो.

पुण्याचं स्टोरेज चांगलं असतं, कॅमेरे असतात, जागेच्या मापाप्रमाणे महिन्याचं भाडं असतं. पण सामान अमळनेरहून पुण्याला न्यायचं आणि परत अमळनेरलाच आणायचं, असा दोन वेळचा ट्रक होतो. शिवाय प्रत्येक चढउतारात एखादी वस्तू जातेच. आईला लागणारं तेवढंच पुण्याला न्या.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ पूर्ण वितळू द्या, आतून कोरडा पुसा. दाराच्या फटीत कापडाची गुंडाळी घालून दार किलकिलं बांधा. घट्ट बंद ठेवलात तर आत बुरशी येते आणि तो वास जाता जात नाही. नेताना उभाच न्या. वॉशिंग मशीनच्या नळीत आणि खालच्या फिल्टरमध्ये पाणी राहतं, ते काढा. खालची बाजू उघडी असेल तर बारीक जाळी लावा, उंदीर तिथूनच शिरतो आणि वायरी कुरतडतो. रिमोट आणि घड्याळांतले सेल काढून टाका. इन्व्हर्टरची बॅटरी दीड वर्ष नुसती ठेवलीत तर ती मरेल, आत्ताच नातेवाइकाला वापरायला द्या. गॅसची टाकी अजिबात ठेवायची नाही. एजन्सीत जमा करून कागद घ्या, अनामत परत मिळते.

आणि जमिनीवर काहीच टेकवू नका भो! विटांवर फळ्या टाका, भिंतीपासून वीतभर जागा सोडा. वाळवी भिंतीवरून मातीची नळी करत चढते. मध्ये मोकळी जागा असेल तर ती नळी नजरेला पडते.

धुळ्याची_सून
कपड्यांचं मी सांगते. शालू प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नको. आत दमटपणा अडकतो आणि जरीची तार काळी पडते. जुनं सुती धोतर किंवा मलमल धुऊन, खळ काढून, त्यात गुंडाळा. डांबराची गोळी जरीला लागू देऊ नका, पुरचुंडी बांधून कोपऱ्यात ठेवा. घड्या मोडून नव्या घातल्या नाहीत तर घडीवरच कापड फाटतं, म्हणून अधूनमधून कोणीतरी उघडून बघायला हवं. गोधड्यांना दोन दिवस कडक ऊन द्या, निववा आणि मगच पत्र्याच्या पेटीत भरा. गरम असताना झाकण लावू नका. खोक्यात नको, उंदरांना गोधडी फार आवडते.

पितळ चिंच-मीठानं घासलं तर दोनदा धुवा. मिठाचा अंश राहिला की हिरवा थर चढतो. कल्हई आता करू नका, नवीन घरात आल्यावर करा.

नाना_चोपडा
धुळ्याच्या ताईंना एक पुस्ती: पेटीत कडुनिंबाचा पाला घालणार असाल तर सावलीत पूर्ण वाळलेलाच घाला. ओला पाला कपड्यांवर डाग पाडतो.

अमळनेरची_लेक
सगळ्यांचे आभार. नाना, तुमच्या फोटोंचं वाचून वाईट वाटलं. अल्बम मी माझ्यासोबतच नेते. पण खापराचं कोणीच सांगितलं नाही हो!

शिरपूरची_आक्का
बाळा, खापराचं मी सांगते. माझ्या सासूबाईंचं खापर आम्ही तीन घरं बदलून जपलंय. खापराला उन्हाची भीती नाही, धक्क्याची आणि ओलीची भीती आहे. ते पाणी पितं, म्हणून आधी ओल्या फडक्यानं नुसतं पुसायचं, पाण्यात बुडवायचं नाही. आठवडाभर उन्हात वाळू द्यायचं. मग आतल्या पोकळीत जुन्या सुती साड्या भरायच्या, पण ठासून नाही, नाहीतर कडेला जोर येतो. वरून गोधडी गुंडाळायची आणि सुतळीनं हलकं बांधायचं. मांडे करताना चुलीवर असतं तसंच पालथं ठेवायचं, वर काहीही ठेवायचं नाही. मी तर ट्रकमध्ये टाकलंच नाही, मांडीवर घेऊन गेले.

आणि धान्य, पापड, कुरडया, लोणचं यातलं काही ठेवू नको. वाटून टाक. एका कोठीत किडे झाले की ते सगळ्या खोलीत पसरतात.

भुसावळकर
आक्कांनी बरोबर सांगितलं. एक राहिलं. खोक्यावर 'स्वयंपाकघर' एवढंच लिहू नका. नंबर घाला आणि वहीत त्या नंबरापुढे आतली एकेक वस्तू लिहा. भांडी, पुस्तकं लहान खोक्यात भरा, एका माणसाला उचलता येईल एवढीच. चिनी मातीला वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई लागते. पलंग सोडवलात तर त्याचे स्क्रू कापडी पिशवीत घालून पलंगाच्याच पाटीला बांधा.

अमळनेरची_लेक (तीन आठवड्यांनी)
गाळा ठरला. वर दोन मजले आहेत, भिंती कोरड्या आहेत. एकूण ३१ खोकी, ४ पेट्या झाल्या, वही आईनं स्वतःच्या अक्षरात लिहिली. धान्य आणि कुरडया गल्लीत वाटल्या, रिकाम्या कोठ्या तेवढ्या मामांच्या खोलीत गेल्या. एक किल्ली मामांकडे आहे, ते दर महिन्याला उघडून वाळवी बघतील, फाल्गुनात शालूंच्या घड्या मामी बदलतील.

खापर गाळ्यात ठेवलं नाही. आई अमळनेरहून पुण्यापर्यंत गाडीत ते मांडीवर घेऊन बसली. आत्ता माझ्या देवघराखाली पालथं आहे, आणि आखाजीला इथेच मांडे करायचे म्हणून ती आतापासून चूल कुठे मांडायची ते बघतेय.