पुण्याच्या कातळात जलधराचे आकडे कुठून आणायचे: पंपिंग टेस्ट की कॅलिब्रेशन?

मुरूमपाषाण: भूजलाचं मॉडेल करताना जलधराचे, म्हणजे पाणी धरणाऱ्या आणि वाहू देणाऱ्या खडकाचे, आकडे पुस्तकातून उचलायची सवय मोडायला हवी. भूजल मूल्यमापनाच्या सरकारी निकषांत भेगाळ, सच्छिद्र बेसॉल्टला १ ते ३ टक्के स्पेसिफिक यील्ड (खडकातून निथळून मिळू शकणाऱ्या पाण्याचं प्रमाण) दिलं आहे, म्हणून सगळे डोळे झाकून २ भरतात. तालुक्याच्या ताळेबंदाला ते चालेल, बावधनच्या एका टेकडीला नाही. तिथे वर मुरूम, खाली सच्छिद्र खडक, मध्येच गेरूचा तांबडा थर, मग घट्ट काळा पाषाण. आधी पंपिंग टेस्ट (विहिरीतून पाणी उपसून पातळी कशी उतरते ते मोजणं), मग मॉडेल.

कातळवाट: अजिबात पटलं नाही. बोअरला भेग लागली तर ट्रान्समिसिव्हिटी (जलधराची पाणी वाहू देण्याची क्षमता) भरघोस येते, आणि तिथून हाकेच्या अंतरावर दुसरं बोअर कोरडं जातं. असा आकडा अख्ख्या पाणलोटाला कसा लावणार? मे आणि ऑक्टोबरच्या पाणीपातळ्या द्या, मॉडेल त्यांच्याशी जुळवा (हेच कॅलिब्रेशन), आकडे त्यातून येतील.

मुरूमपाषाण: येतील, पण कुठले? स्थिर (काळानुसार न बदलणाऱ्या) मॉडेलमध्ये पुनर्भरण, म्हणजे जमिनीत मुरणारं पाणी, दुप्पट करा, ट्रान्समिसिव्हिटी दुप्पट करा, पातळ्या जिथल्या तिथे! हंगामी चढउतार घेतले तर पुनर्भरण आणि स्पेसिफिक यील्ड एकमेकांची चूक झाकतात. पातळ्या जुळल्या म्हणजे मॉडेल बरोबर, हे मी कधीच मानणार नाही.

विहीरकाठ: टेस्टचंही बघा. पुरंदर-शिरूरकडे टेस्ट मोठ्या विहिरींवर होतात. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी १ मीटर उतरली म्हणजे सुमारे २८ हजार लिटर उपसले, आणि सुरुवातीला ते बहुतेक विहिरीत साठलेलंच पाणी असतं. टेस्टचा अर्थ लावायचं थीसचं १९३५ चं सूत्र विहिरीचा व्यास नगण्य धरतं. इथे पापाडोपुलोस आणि कूपर यांची १९६७ ची पद्धत लागते. पंप बंद केल्यावर पातळी कशी भरते तेही मोजा. आणि जवळ निरीक्षण विहीर नसेल तर स्टोरेटिव्हिटीच्या (जलधराच्या पाणी साठवण्याच्या क्षमतेच्या) आकड्यावर विसंबू नका.

कातळवाट: पुनर्भरणाचा मुद्दा मान्य. पण शहरात टेस्ट घ्यायची कुठे? शेजारच्या सोसायट्यांचे पंप मध्येच सुरू होतात, पातळीचा आलेख बिघडतो. टेस्टचा आकडा मॉडेलमध्ये पक्का ठोकू नका, किमान-कमाल हद्द द्या. एवढंच म्हणणं.

मुरूमपाषाण: हद्द चालेल, पण ती इथल्याच टेस्टवरून ठरावी. शिवाय झिरपून नदीत येणारं पाणी मोजलं तर पुनर्भरणाला लगाम बसतो. बावधनमधून वाहणाऱ्या रामनदीवर, सांडपाणी मिसळायच्या वर, खाटपेवाडीच्या बाजूला पावसाळा संपल्यावर प्रवाह मोजायला हवा. कोणाकडे व्ही-नॉच (प्रवाह मोजायची V आकाराच्या खाचेची पाटी) आहे का?